माझ्या नावाचा टेलिफोन

मुलुंड पूर्व,
१२ ऑगस्ट १९८६

धाकटे साडू श्री. जयवंतराव यांना थोरल्या साडूचा नमस्कार.

इकडे मी आणि शुभा दोघे धडधाकट. नीलाचे गुडघे आता बरे असतील. तुमची तब्येत उत्तम असेलच. (ती नेहमीच असते.)

टेलिफोनसाठी मी सत्त्याहत्तर साली नाव नोंदवले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नऊ वर्षे आमची सुखदुःखे खालच्या धोंडिराम वाण्याच्या फोनवर येतात आणि आमच्याआधी गिऱ्हाइकांना कळतात. आता आमच्या लेकीचे, जानकीचे दुसरे बाळंतपण इंदूरला, सासरी. निदान ती बातमी तरी घरात यावी म्हणून परवा कचेरीत चौकशीला गेलो. कारकुनाने फाईल काढून माझे अभिनंदनच केले. विद्याधर साखळकरांकडे गेल्या महिन्यातच फोन बसला म्हणे! म्हटले, "अहो, साखळकर मी." तर म्हणाला, "कशावरून? ते स्वतः येऊन गेले. फार गोड गृहस्थ!" मी रेशनकार्ड पुढे केले. "कार्ड काय, कुणाच्याही हाती असतं." (खरेच आहे. आपल्याकडे रेशनकार्ड म्हणजे विरजण. दारी आलेल्याला नाही म्हणायची पद्धत नाही.) फाइलीत माझ्याच कार्डाची झेरॉक्स, आणि 'घर बदलले आहे, फोन नव्या पत्त्यावर बसवावा' असा टाईप केलेला अर्ज. खाली सही माझीच, अगदी अस्सल! मे महिन्यात एका भल्या माणसाला मुलाच्या शाळाप्रवेशासाठी कोऱ्या कागदावर करून दिली होती, कार्डासकट. कागदावर काहीच नसल्यामुळे वाचण्याचा प्रश्न नव्हता.

चौकीवर गेलो. पाकीट गेले तर हवालदार लिहून घेतो. नाव गेले म्हटल्यावर त्याने मला बसवून पाणी पाजले.

तेव्हा जयवंतराव, जपा. कार्ड कुलपात ठेवा, झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते लिहा, आणि कोऱ्या कागदावर सही सख्ख्या नातलगालाही देऊ नका. जग फार वाईट आहे.

आपला,
विद्याधर (मुलुंडचा)

ता. क. : अर्जावरचा नाहूरचा पत्ता ओळखीचा वाटला. खात्रीसाठी काल धोंडिरामकडून फाइलीतला नंबर फिरवला. उचलून नीला ओरडली, "अहो, भावोजींचा फोन! त्यांना कुठून मिळाला नंबर?"

ता. क. २ : तक्रार करणार नाही; शुभाच्या माहेरी बोभाटा नको. मात्र जानकीच्या सासरी हाच नंबर कळवला आहे. बातमी येईपर्यंत आम्ही दोघे सोमवारपासून तुमच्याकडेच मुक्कामाला. परवानगी मागत नाही. सरकारदप्तरी मी तिथेच राहतो.