डाव्या बाणाचा पत्रा

शनि. ३ जाने., जळगाव

सकाळच्या एस्टीने धुळ्याहून आले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, डोक्यात एकच. आबांचा पाय.

आईने दारातच सांगितलं, "व्यायामाचं नाव काढू नको, कालच ताट सरकवलंय त्यांनी." फिजिओच्या मॅडमनी दिलेला कागद कॅलेंडरमागे खोचलाय, तिथेच आहे. पुढे पाय, मागे पाय, बाजूला पाय, दिवसातून दोनदा. आबा आपल्या अहिराणीत म्हणतात, "मी काय बालवाडीमा शे का?"

ऑगस्टमध्ये लकव्याचा झटका आला, डावा हात-पाय गेला. मॅडम म्हणाल्या होत्या, पहिले सहा महिने सोडू नका, नंतर जे येतं ते फार हळू येतं. हा पाचवा संपत आला. मी रोज बोटं मोजते, जणू मोजल्याने महिना लांबणार आहे.

त्यांची डावी चप्पल अंगणात पडली होती आणि ते आत खुर्चीत. निसटलेली त्यांना कळत नाही. मी उचलून आणली. ते भिंतीकडे बघत बसले.

रवि. ४ जाने.

नानाकाका येऊन गेले, आबांचे धाकटे भाऊ. गोडच बोलले पण बोलले. "भाऊ, महाशिवरात्रनंतर कूलरना सीझन. सीझन कोनासाठी थांबस नही. तू उभा ऱ्हायना तर चांगलंच, नही तर दुकान मी चालाडस."  तीस वर्षं माझ्या बापाने त्या दुकानात पत्र्याचे कूलर बनवले. उभं राहून. बसून पत्रा कापता येत नाही असं ते स्वतःच पोरांना शिकवायचे.

मला एक सुचलंय. वेडेपणा आहे. आबांना व्यायाम सांगितला की राग येतो, पण समोर कोणी पत्र्याचं काम चुकवत असेल तर त्यांना राहवत नाही. आमच्या मामेबहिणीच्या लग्नात पंगतीतून उष्ट्या हाताने उठले होते, मंडपातल्या कूलरचा कोपरा वाजत होता म्हणून!

पुण्यात शिकत असताना मॉलमध्ये ते नाचाचं मशीन होतं. पायाखाली चार बाणांचा पाट, समोर पडदा. गाण्याच्या तालावर पडद्यावर जो बाण वर येईल, त्याच बाणावर पाय. माझा अर्धा खाऊचा पैसा तिथे गेला. तो खेळ माझ्या लॅपटॉपवर आहे. पाट पत्र्याचा बनवता येतो.

पुढे पाय, मागे पाय, बाजूला पाय. मॅडमच्या कागदावरही तेच.

बुध. ७ जाने., धुळे

ऑफिसात चोरून चित्र काढलं. प्लायवूडची फळी, तिच्यावर चार चौकोन. प्रत्येकात दोन पत्रे, एक खाली, एक वर, मध्ये कडेने दाराच्या फटीला लावतात ती स्पंजची पट्टी. पाय पडला की वरचा खालच्याला टेकणार आणि करंट जाणार. तारा जुन्या कीबोर्डच्या कार्डाला. सोपं आहे. 

आबांना कळलं तर? लेक आपल्याला खेळण्याने खेळवते असं वाटलं तर? सांगायचं की माझ्यासाठी आहे. बस्स.

शनि. १० जाने., जळगाव

अंगणात पत्रा आणि कातर घेऊन बसले. मुद्दाम वाकडं कापणार होते, तशी गरजच पडली नाही. पंधरा मिनिटं आबांनी कळ काढली.

"अवं माय, कातर शे का विळी ती?"

आणि खुर्ची सरकल्याचा आवाज! आई स्वयंपाकघरातून बघायला आली. एका उजव्या हाताने त्यांनी कातर घेतली, माझा पत्रा पायाखाली दाबला... म्हणजे उजव्या पायाखाली. "कड मोड पहिले. नही तर पाय कापाई जाई." मग मी मोडत गेले आणि ते शिव्या घालत गेले. किती दिवसांनी शिव्या ऐकल्या, बरं वाटलं.

"पन हाई शे काय?"

"खेळ आहे. माझा."

"लगीन कर, खेळ काय करस!"

नवे तुकडे कमी पडले. खालचा एक पत्रा जुन्या कूलरच्या अंगाचा घेतला, दोन ठिकाणी गंज होता तो खरवडला. तो डाव्या बाणाखाली बसवला. डाव्याच का, काही नाही, हाताला आधी तो चौकोन आला.

रवि. ११ जाने.

चाललं! माझं टायपिंग मराठी, म्हणून डाव्याला क, उजव्याला त, पुढच्याला प, मागच्याला म. लिहायचं कोरं पान उघडून चारी चौकोनांवर पाळीपाळीने उभी राहिले. क त प म. पुन्हा क त प म. आईने कपाळाला हात लावला. "एवढं शिकून आता पायाने लिहायला लागली."

आबा टक लावून बघत होते. "पाय पडना का अक्षर येस?" खुर्चीतूनच त्यांनी उजवा पाय पुढे केला. त. हसले. डावा नाही केला. मीही म्हटलं नाही.

लॅपटॉप घरीच ठेवला. बस उशिरा मिळाली.

बुध. १४ जाने., धुळे

दुपारी आईचा फोन. "अगं, आज आबांनी ब्रश धरला! तुझ्या त्या पाटापाशी बसून काहीतरी रंगवत होते. स्वतः डबा उघडला, स्वतः ब्रश धुतला. मी बोलले नाही, नजर लागायची."

ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडून आले. पाच महिन्यांत पहिलं काम त्यांच्या हातचं. फळीच्या कडा रंगवल्या असतील. काय रंग दिला असेल? विचारायचं राहिलं.

शनि. १७ जाने., जळगाव

लिहावंसं वाटत नाही.

आबा स्वतःच म्हणाले, "लाव ते." नानाकाकाही आले होते, त्यांच्यासमोर. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. उजवा टाकला. त. परत, त. मग डावा. उचलला हो! टाच आधी, मग बोटं, अगदी मॅडम सांगतात तसा. वजन गेलेलं मी पाहिलं. पडद्यावर काही नाही. परत टाकला. काही नाही. पाच-सहा वेळा. कपाळावर घाम. नानाकाका उगाच मोबाइल बघायला लागले.

आबा बसले. "ह्या पायमा जीवच नही ऱ्हायना." कोणाकडे न बघता म्हणाले.

मी म्हटलं, होतं असं, हळूहळू येईल. माझा आवाज मलाच खोटा वाटला. माझ्याच डोक्यातून निघालं हे. कागद कॅलेंडरमागे होता तो बरा होता.

रवि. १८ जाने.

जेवायला बाहेर आले नाहीत. खोलीतून नानाकाकांना फोन केलेला ऐकला. "एक तारीखले ये. चावी लई जाय."

बसमध्ये खिडकीशी बसले पण काही बघितलं नाही.

मंगळ. २० जाने., धुळे

दोन दिवस पोटात नीट अन्न नाही. ऑफिसात एकाच माणसाचं नाव दोनदा टाकलं, साहेब बोलले.

फिजिओ मॅडमना फोन केला, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "डाव्या पायावर वजन तर घेतात ते. मागच्या वेळी वजनकाट्यावर उभं केलं होतं मी. थोडं तरी दाबलं जायला हवं."

मग दाबलं का गेलं नाही? गेल्या आठवड्यात पाय आणखी गेला का? दुसरा झटका येऊन गेला आणि आम्हाला कळलाच नाही, असं असतं म्हणे. आईला फोन करून विचारलं, तोंड वाकडं दिसतं का. ती घाबरली. उगाच केला फोन.

शनि. २४ जाने., जळगाव

मी मूर्ख. मूर्ख, मूर्ख.

आईने सांगितलं, तो पाट उचल तिथून, येता-जाता दिसतो त्यांना. लॅपटॉप बंद करायला गेले, पान उघडंच होतं. जाता जाता माझा पाय डाव्या चौकोनावर पडला. काही उमटलं नाही. उभी राहिले. काही नाही. उडी मारली, धप्पकन, धडधाकट बाई मी. काही नाही!

स्क्रू काढले. खालचा जुना पत्रा दोन्ही बाजूंनी लाल. रेड ऑक्साइड, गंज धरू नये म्हणून मारतात तो प्रायमर. ब्रशची एक रेघ दिसणार नाही असा, आबांच्याच हातचा.

मी बसवताना त्यांना गंजाचे डाग दिसले असणार, म्हणून चौकोन उघडून रंगवला. आमच्या दुकानातून जुना पत्रा प्रायमर मारल्याशिवाय कधी बाहेर पडला नाही. कोणी पोराने तसाच सोडला असता तर आबांनी त्यालाच हाकललं असतं. कूलरला ते बरोबर. इथे उघड्या पत्र्याला उघडा पत्रा टेकायला हवा, रंगातून करंट जात नाही, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि त्या शनिवारी, देवा, मी त्यांच्या पायाकडे बघत राहिले. पाटावर स्वतःचा पाय ठेवून बघायचं मला सुचलं नाही. बिघाड पायातच आहे असं मीही धरून चालले. नानाकाकांना कशाला नावं ठेवू.

आता सांगायचं कसं? पाच महिन्यांतलं त्यांचं पहिलं काम, आणि त्यानेच घात केला, असं? न सांगावं तर पाय मेला असं समजून बसलेत. एक तारखेला चावी जाणार.

रवि. २५ जाने.

ठरवलं, गुपचूप घासून टाकायचं आणि म्हणायचं तार सुटली होती. आबा आंघोळीला गेले तेव्हा गच्चीवर पॉलिश पेपर घेऊन बसले. निम्मा पत्रा झाला नाही तोच खालून हाक. पत्रा गच्चीवरल्या कॉटखाली सरकवून गेले.

"हात लाल कसाले शेत तुना?"

"मेंदी."

मेंदी! एका हाताला, नखांत, भुकटीची. माझ्या नखांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. त्या रंगात त्यांचं आयुष्य गेलं, मी कोणाला सांगत होते. मग चहा मागितला.

सोम. २६ जाने., सुट्टी

सांगितलं. दुसरा उपाय नव्हता. पत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "आबा, पत्र्याचं चुकलं. पायाचं नाही. माझा पाय पण उमटत नाही."

त्यांनी अंगठ्याने पत्रा चाचपला. राहिलेला निम्मा रंग, घासलेला निम्मा. "रंग बरोबर मारेल शे मी."

"बरोबरच आहे. पण आतून करंट जायला हवा."

"मंग तवाच का सांगं नही? खेळ तुना, काम मनं, आन सांगं कोनी नही!"

 मग त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, तो कागद जिथे खोचलाय तिथे. पाटाकडे पाहिलं. पुढचा, मागचा, बाजूचा. सगळं कळलं त्यांना, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं मला.

"हाऊ खेळ तुना नव्हताच. माले फसाडं तू."

"आबा..."

"जाय. बस चुकी जाई."

बापाच्या भल्यासाठीच केलं असं मनाला सांगत धुळ्यापर्यंत आले. पटत नाही. सरळ सांगितलं असतं, आबा माझ्यासाठी चाला, तर? कधी म्हणून बघितलंच नाही. कागद दाखवला, मॅडमचं नाव सांगितलं, एवढंच.

गुरु. २९ जाने., धुळे

आईला विचारलं, बोलतात का. "माझ्याशी बोलतात. तुझं नाव नाही काढलं." पाटाचं? "मला काही विचारू नको बाई, मी दोघांच्या मध्ये पडत नाही." तिच्या आवाजात काहीतरी होतं. की मलाच वाटलं?

शनि. ३१ जाने., जळगाव

आले तेव्हा आबा झोपले होते, आई भाजीला गेलेली. पाट अंगणात होता तिथेच.

डावा चौकोन बंद. स्क्रू घट्ट, मी काढून ठेवलेले. एक काढून आत बघितलं. पत्रा लख्ख. लाल रंगाचा कण नाही. एका हाताने एवढं घासायला किती वेळ लागला असेल. गंजाच्या जागी खळगा होता तोसुद्धा ठोकून सपाट केलाय.

लॅपटॉप स्टुलावर. पान उघडंच.

त त त त प त त
त त क
त त त प
क
क त

तीन क. चार वेळा मोजले, तीनच.

पण खुर्ची पाटाला चिकटून होती, आणि खुर्चीतून वाकून हातानेही दाबता येतं. पत्रा घासल्यावर कारागीर हाताने तपासतोच की. आई आली तेव्हा तिला विचारलं, पायाने की हाताने? म्हणाली, "मला दळणाला पाठवलं होतं त्यांनी. मुद्दाम."

आबांना विचारायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी माझ्याशी एवढंच बोलले, "कड बरोबर मोडी नव्हती तुनी. परत मोडी मी."

रवि. १ फेब्रु.

नानाकाका चारला येणार. आता साडेतीन. दुकानाची चावी सकाळपासून खिळ्यावर नाही, आबांच्या खिशात आहे, शर्टाच्या. काकांना पटकन काढून देता यावी म्हणून, की देऊ नये म्हणून, देव जाणे.

जेवताना मी सगळा जीव गोळा करून म्हटलं, "आबा, खेळाचं राहू द्या. माझ्यासाठी चालाल का?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्यायले. मग म्हणाले, "मंग हाई पहिलेच सांगाना व्हतं."

आता अंगणात खुर्ची मागून घेतलीय. पाटापासून हातभर मागे ठेवायला सांगितली, बसायला नाही, नुसती धरायला. मी आधी स्वतःचा डावा पाय टाकून बघितला. क. पत्रा ठीक आहे. आता जे उमटेल ते, नाही उमटलं तर तेही, पायाचंच. ही भीती आधी नव्हती, आधी निदान तार सुटल्याचं सांगता आलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल वाजली, काकांचीच, त्यांचा सायलेन्सर फुटलेला आहे.

आबांची हाक आली, "प्रज्ञा, ते जुनं पुसी टाक. कोरं पान काढ."

जाते.