सासूबाईंचं मत

पर्वत पाटिया, सुरत

तीर्थस्वरूप धुडकूमामांना भाचेसून नूतनचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल (नसेल तर ते लाल तेल चोळा, मागच्यासारखं पिऊ नका). फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या बहिणीचा पराक्रम कळवल्यावाचून मला राहवत नाही, म्हणून हे पत्र.

सासूबाई अजून साड्यांची डिझाइनं हातानेच काढतात. कॉम्प्युटरवाले शेठसुद्धा अडले की त्यांच्याकडेच येतात (चपला बाहेर काढून). तर आमच्या सोसायटीत मत द्यायचं फक्त पुरुषांनी, अशी रीत. ती मोडायची म्हणून शेजारच्या उषाबाईंनी बायकांच्या सह्या गोळा केल्या. सासूबाईंनी सही केली नाही. "माले नको व माय तुमनं मत. सभामा बशी ऱ्हायनू ते मन्हा रंग सुकी जाई." आम्हाला रागच आला. मामंजींच्या माघारी नुसत्या कुंचल्यावर जिने घर चालवलं, तिने असं म्हणावं?

सभेत लावायचा बॅनर रंगवायला मात्र एका शब्दावर बसल्या. आम्ही सांगितलं होतं, मुठी आवळलेल्या बायका काढा. त्यांनी काढल्या सभेत पहिल्या रांगेत ऐसपैस बसलेल्या बायका (मूठ आवळून कुंचला धरता येत नाही म्हणे). चेहरे हुबेहूब आमचे. आणि मधल्या खुर्चीत सोसायटीच्या प्रमुखांच्या पत्नी पुष्पाबाई, ज्या आमच्या विरोधात होत्या!

सभेच्या दिवशी पुष्पाबाई बॅनरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदर सावरून सरळ मधल्या खुर्चीत जाऊन बसल्या. ती खुर्ची प्रमुखांची. "अगं, ऊठ," ते हळूच म्हणाले. पुष्पाबाईंनी बॅनरकडे बोट दाखवलं. "मी इथेच बसलेय की." मग आम्हीही बसलो. पुरुष भिंतीला टेकून उभे. ठराव लगेच मंजूर झाला (पाय दुखत असावेत). मामा, त्या दिवशी मी सासूबाईंच्या मनापासून पाया पडले.

आपली,
नूतन

ता. क. सेक्रेटरीच्या निवडणुकीला मी उभी होते. एका मताने पडले. चिठ्ठी टाकायला सासूबाई कोरी साडी नेसून सगळ्यांच्या आधी हजर होत्या. तुम्ही सख्खे भाऊ, तेव्हा माझं नाव न घेता, मत कुणाला दिलं तेवढं त्यांच्याकडून काढून घ्या. पत्र खरं त्यासाठीच.

आणखी ता. क. राहू द्या, विचारू नका. पाकिटावर पत्ता घालायला दिलं, तर त्यांनी आधी पत्रच वाचलं. पुष्कळ हसल्या. मग म्हणाल्या, "जलमभर जे काढं, ते शेठले दखाडनं पडनं. हाई मत एकच शे, कोनलेच दखाडनं पडत नही."