बोल्ट नसलेली रायफल

२ एप्रिल
मर्वनं आजही रायफलीचा बोल्ट दिला नाही! "झीज मोजायची पट्टी कुणीतरी नेलीय, मास्तर." नवीन वर्षापासून हेच ऐकतोय. क्लबचा कप्तान आणि साधी पट्टी सापडत नाही?
गोळी उडवणारा बोल्टच नाही म्हणजे रायफल नाही – नुसतं लाकूड आणि नळी.
अ‍ॅन्झॅकच्या सैनिक-स्मृतिदिनानंतरच्या शनिवारी, सत्तावीसला, क्लबची जुन्या रायफलींची नेमबाजी. पणजोबांची रायफल त्या दिवशी एकदा उडवायची. एवढंच राहिलंय. त्याच्या पुढचं काही दिसत नाही.

५ एप्रिल
काकानं कांगारू मारायला हलकी हवी म्हणून पुढचं लाकूड करवतीनं कापलं होतं. एका मोडक्या रायफलीचा तुकडा जोडून ते पूर्ण केलं. जोडाची रेघ दिसते. ती लपवायला रंग लावला, मग पुसून टाकला. एवढीशी लबाडीसुद्धा नको वाटली.
पोचे काढायला ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवली. लाकूड फुगून वर येतं. इस्त्री माझ्या बायकोची, जिलियनची. "माझ्या इस्त्रीला तेलाचा वास आला तर गोठ्यात झोपायचं!" ती गेल्यापासून इस्त्रीनं कपडा पाहिलेला नाही.

९ एप्रिल
उठलो. जवसाचं तेल चोळलं. झोपलो.

१३ एप्रिल
क्लबच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. मर्व सॉसेज भाजत होता.
"एका बोल्टची झीज मोजायची तर माझ्या तिन्ही रायफलींचे बोल्ट कशाला नेलेस?"
त्यानं सॉसेज उलटलं. "कांदा हवा का?"
"मर्व!"
"मग करपलेलं घे. तुझ्या तोंडाला शोभेल."
सगळे हसले. मीही हसलो बहुतेक. घरी येईपर्यंत तो आवाज माझाच होता का, आठवेना.

१४ एप्रिल
हसलो नव्हतो.

१८ एप्रिल
मर्वच्या घरी जाऊन भांडलो. त्याच्या बायकोनं, लॉर्नानं दार उघडलं, न विचारता चहा ठेवला. मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्यानं ओरडत होतो – चोर म्हणालो त्याला!
मर्व शांत. "पट्टी माझ्या खणातच आहे. खोटं बोललो."
"का?"
"जिलियनला पुरून आलो त्या दिवशी तू म्हणालास, माझ्या सगळ्या रायफली तूच घे. एरवी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हतास, मास्तर! मी तेव्हा बोल्ट उचलले."
मी म्हणालो, दुःखात माणूस काहीही बोलतो.
"नेव्हिल तसलं काहीही बोलला नव्हता. फक्त एकच नेमबाजी, म्हणाला. माझा सख्खा भाऊ. मीच त्याला बंदुकांच्या कपाटाची चावी दिली. तो परत आला नाही."
लॉर्ना बशी पुसत होती. तीच बशी, पुन्हापुन्हा.
"मी नेव्हिल नाही."
"मग तुझ्या पडवीत लाकूड का नाही? सगळ्या गावानं हिवाळ्याची लाकडं भरली. तू काय थंडी तेल चोळून काढणार?"
चहा तसाच टाकून आलो.

१९ एप्रिल
लाकडं विसरलो, असं लिहिणार होतो. पण विसरलो नव्हतो. लाकूडवाला दारात आला होता – मी म्हणालो, या वर्षी नको. का म्हणालो? जूनची थंडी तर पडणारच आहे. सत्तावीसनंतरची एकही गोष्ट मी ठरवलेली नाही. शाळेला परत येतो कळवलं नाही, येत नाही हेही नाही.
स्वतःला विचारतोय आणि उत्तर माहीत आहे. मर्वला माझ्याआधी कळलं, याचाच राग आलाय.

२३ एप्रिल
हिमकण पडले. घर गार. कोट घालून बसलोय.

२५ एप्रिल
पहाटे स्मारकापाशी मर्व शेजारी येऊन उभा राहिला. बिगूल संपल्यावर हळूच म्हणाला, "शनिवारी बोल्ट आणतो. लावीन मी, काढीनही मी. चालेल?"
"मी काय शाळकरी पोर आहे?"
"पोरांचा नेम बरा असतो."
चालेल म्हणालो. मनात काहीच हललं नाही.

२७ एप्रिल
पहिली गोळी डावीकडे गेली, बाकीच्या निशाणाच्या पाटीवर लागल्या. जोड टिकला. मर्व हात पुढे करायच्या आधी बोल्ट मीच काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. म्हणालो, "तुझ्याकडेच असू दे. आणि हिवाळ्याचं लाकूड कुणाकडून घेतोस, ते सांग."