कोरड्या चारीतली सरळ रेषा

७ जानेवारी १९९५
भूगोलाच्या सरांनी आज पुढच्या रविवारचे पदभ्रमण जाहीर केले. कळंब ते लासुर्णे. माळरान, दोन पाझर तलाव आणि ओढ्यांची खोरी ओलांडून बावीस किलोमीटर. त्यात जी उत्तम ठरेल, ती मे महिन्यात हिमालयाच्या शिबिराला जाईल. कॉलेजला जागा एकच. ती माझी आहे, हे कोणाही विवेकी माणसाला कळावे. तरीही गटप्रमुख केले जयवंताला. भूगोलात एक्केचाळीस गुण! मी हरकत घेणारच होते. परंतु तास संपायला जेमतेम पंधरा मिनिटे उरली होती.

९ जानेवारी
संकल्प : रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे.

१० जानेवारी
थंडी फार. चालण्याचा खरा पाया अभ्यासात असतो. लायब्ररीतला नकाशा पाठ केला.

१३ जानेवारी
आई म्हणाली, एकदा काटेवाडीच्या फाट्यापर्यंत तरी जाऊन ये. आमच्या घरात शास्त्रीय दृष्टीचा अभाव आहे.

१५ जानेवारी, सकाळी ७.२०
कळंबहून प्रस्थान. आम्ही चौदा जणी आणि सर. सरांनी नकाशा माझ्याकडे दिला. म्हणजे प्रत्यक्ष नेतृत्व कोणाकडे आहे, ते सुज्ञांनी ओळखावे.

सकाळी १०.०५
संताप! ही तिसरी वस्ती. जयवंता प्रत्येक वस्तीवर थांबते, म्हाताऱ्यांना मावशी-आत्या करते, गाई किती दूध देतात ते विचारते. वाया गेलेला वेळ : पंचेचाळीस मिनिटे.

दुपारी १२.३०
दुसरा तलाव. पायांना फोड. दोष माळावरच्या खड्यांचा.

दुपारी १.४०
चौथी वस्ती. प्रयागबाई नावाच्या आजींनी सर्वांना ताकासाठी ओसरीवर बोलावले. मी गेले नाही. लांब बाभळीखाली बसून नकाशा पाहते आहे. कालव्याची एक चारी थेट लासुर्ण्याकडे जाते, अगदी पट्टीने आखल्यासारखी. आत्ता ठणठणीत कोरडी आहे. ह्यांचे ताक संपेपर्यंत मी पुढे पोहोचलेली असेन. मग सरांना कळेल.

सायंकाळी ६.३०, घरी
दोन गोधड्या घेऊन लिहिते आहे; थंडीने नव्हे, रागाने.
चारीत उतरून अर्धा तास चालले. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या दगडी भिंती. मागून सळसळ ऐकू आली. आधी वाटले वारा. मग घोट्याला पाणी, मग गुडघ्याला. भिंत शेवाळलेली, हात टिकेना. वरच्या उंच बांधावर उसाला पाणी धरणारी दोन माणसे दिसत होती. त्यांना हाक मारायची, तर काय म्हणून? ओळखदेख नाही. अहो काका म्हणावे की दादा, हे ठरेपर्यंत पाणी मांडीला लागले.
तेवढ्यात काठावर जयवंता. धापा टाकत होती.
“अगं ए करुणा! आज चारीला पाण्याची पाळी सुटणार हाय, म्हातारीनं सांगितलं की सगळ्यास्नी. तू कुठं हुतीस?”
मी सांगितले, की मी मार्गाची पाहणी करीत होते.
“बरं, झाली का पाहणी? मग हात दे.”
तिने आणि त्या दोघांनी मिळून मला वर ओढले. प्रत्येक वस्तीवरून निघताना ती डोकी मोजत असे म्हणे. चौथ्या वस्तीवर एक कमी भरले, आणि चारीतल्या मातीत माझी पावले दिसली. नकाशा वाहून गेला. सरांनी आपला कोरडा स्वेटर मला दिला. ओरडले असते तर बरे झाले असते.

१६ जानेवारी
प्राचार्यांकडे तक्रार-अर्ज लिहिला. विषय : पाण्याच्या पाळीची पूर्वसूचना न मिळणे. चार पाने. दिला नाही, पूर्वसूचना कुठे मिळाली असती, हे चौथ्या पानावर माझ्याच लक्षात आले.

१८ जानेवारी
शिबिराला जयवंता. सरांनी वर्गात सांगितले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, परंतु निषेधार्थ.

२० जानेवारी
संध्याकाळी जयवंता घरी आली, शिबिराचा फॉर्म घेऊन. तिला अर्जाच्या मराठीत लिहायला जमत नाही. “तुझ्यासारखं कुणाला येतंय, लिहून दे की.” रकाना सातवा : अर्जदाराने संकटप्रसंगी दाखवलेल्या धैर्याचे सविस्तर वर्णन.
सविस्तर केले. ‘अर्जदाराने वाचवलेली विद्यार्थिनी प्रवाहात अडकली असूनही संकोचामुळे मदत मागण्यास असमर्थ होती.’ जयवंताने वाचले आणि म्हणाली, एवढं कशाला, तू घाबरली नव्हतीस एवढी. मी म्हणाले, राहू दे, वस्तुस्थिती आहे.
खाली प्रत्यक्षदर्शीची सही हवी होती. ती मी केली.