लाल देठाचं पान

व्हरमाँट, १४ जून

प्रिय इनेझ हिला थोरल्या बहिणीकडून आशीर्वाद.

मी बरी आहे. शाळेची बाग छान आली आहे. चिप्सवर वाढलेली मुलं आता कच्चा मुळा मागून खातात. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

एक गोष्ट मात्र आईच्या कानावर घालू नकोस. काल मी वर्गाला चार्ड ही लाल देठाची पालेभाजी चाखायला दिली. आधी गिळायचं, मग नाक मुरडायचं, हा नियम माझाच. मधल्या सुटीत डेल्फीन नावाच्या मुलीने शेजारच्या वाफ्यातलं तसंच लाल देठाचं मोठं पान खाल्लं. ते रुबार्बचं होतं. त्याचे देठ आपण खातो, पण पान विषारी असतं.

दवाखान्यात तिच्या उलट्या थांबल्या आहेत. मूत्रपिंडाला इजा झाली का, ते उद्या कळेल. मला पाहताच ती म्हणाली, "बाई, शी! पण मी थुंकले नाही हं!"

तिच्या आईने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

रुबार्ब मी मुळासकट उपटला. उद्या मटार चाखायचे आहेत. मुलं काही न विचारता तोंड उघडतील, इनेझ, आणि मला त्याचीच भीती वाटते.

तुझीच,
विल्डा