सूप धरलेली सावली

प्रिय अक्का,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. भिंतीवर तुझा फोटो लागला, पण त्यात तू नेमकी कुठे आहेस, हे येणाऱ्या प्रत्येकाला बोट ठेवून दाखवावं लागलं. तुझी तक्रार येण्याआधी खुलासा केलेला बरा, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात तुझ्या लेकीचा, सुनंदाचा, जळगावला फोन आला. "मामा, आईचा एक चांगला फोटो दे. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तर शेजारीण विचारते, या कोण?"

सख्खा भाऊ छायाचित्रकार, आणि बहिणीचा फोटो काढला सरकारने. काय दिवे लावले मी!

त्यात तू गेल्यापासून कॅमेरा कपाटात. काही सुचतच नव्हतं. मित्र म्हणाले, लडाखला जा, तिथे सुचेल. मी म्हटलं, प्रतिभा लडाखला गेली असेल तर थंडीने स्वतःच परत येईल. नाही आली.

संस्कृत पाठशाळेतून शिकून आलो तेव्हा मी प्रत्येक शब्दाला सोवळं नेसवायचो, आठवतं? फोटो म्हणू नकोस, छायाचित्र म्हण, असं तुलाही बजावलं. तू विचारलंस, "छाया म्हंजे?" मी म्हटलं, सावली. झालं! तेव्हापासून तुझ्या गावात मी कॅमेरा काढला की माणसांना हाताला धरून निंबाखाली बसवायचं काम तू अंगावर घेतलंस. आणि मला म्हणायचीस, "शास्त्री, सावलीना फोटू काढस, मंग उनमा काब्र उभा राहस?"

उन्हात का, तर उजेडासाठी, असं मी व्याकरणासकट समजावू लागायचो. मग तू घरातून सूप आणायचीस आणि माझ्या मागे उभी राहून ते माझ्या डोक्यावर धरायचीस.

"अक्का, लोक हसतात."

"हसू दे. फोटूमा दात चांगला दिखतीन."

सुनंदा जळगावला आली. दोघं संगणकावर जुनं सगळं उघडून बसलो. तू एकाही फोटोत नव्हतीस. असणार कशी? तू कायम पाठीशी. शेवटी बिघडलेले म्हणून बाजूला टाकलेले उघडले. उतरत्या उन्हातले, खालच्या कडेला माझीच सावली पडलेली. मी पुढे सरकवणार, तर सुनंदाने हात धरला.

"मामा, थांब. हाई आई शे."

माझ्या सावलीला लागून दुसरी सावली. दोन्ही हात वर, हातांत सूप, पदराचं टोक वाऱ्यावर. पुढे केळीच्या घडाशेजारी कोण हसत उभं होतं, ते आम्ही पाहिलंसुद्धा नाही.

सुनंदाने हार फ्रेमच्या वर न घालता खालच्या कडेला लावलाय. तू तिथेच आहेस ना!

परवा तुझ्याकडे येताना कॅमेरा बरोबर घेतला. अमळनेरहून धुळ्याकडे जाताना एका फाट्यावर उतरलो. झाड नाही, शेड नाही. विजेच्या खांबाची एक बारीक, लांब सावली, आणि एसटीची वाट पाहणारी माणसं तिच्यात एकामागे एक उभी. सावली सरकली की रांग सरकायची, कुणी कुणाला न सांगता. मी कॅमेरा काढला. वर्षाने बोट चाललं. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "ओ भाऊ, उनमा काब्र उभा? आठे ये, जागा शे." मला हसू आलं, आणि फोटो थोडा हलला. तो तसाच ठेवणार आहे.

एक सांगायचं राहून गेलं. प्रतिभेत 'भा' आहे, भा म्हणजे उजेड; म्हणून मी जन्मभर उजेडामागे हिंडलो. पण संस्कृतात छायेचा आणखी एक अर्थ आहे, कांती. तुला मी अर्धाच शब्द शिकवला. तू तेवढ्यावर भागवलंस.

आता वचन देतो. खानदेशातल्या अशा सावल्या गोळा करत फिरणार, आणि माझीही चौकटीत पडली तर पडू देणार. उन्हात उभा राहीन, पण टोपी घालून.

तू ते सूप खाली ठेव आता. हात दुखले असतील.

तुझा,
शास्त्री