कधीच खोटी न वाजणारी घंटा

जानेवारी १८४६

धाकटी बहीण क्रेसेंझ हिला वालबुर्गाचे अनेक आशीर्वाद. सगळ्या संतांची कृपा तुझ्यावर राहो, आणि तुझ्या डाव्या गुडघ्यावर त्यातली जरा जास्त राहो. डुकरं कशी आहेत? तुझ्या क्विरीनचा खोकला? त्याच्या विहिरी खणायच्या थांबल्या असतील, जमीन दगड झाली आहे. इकडे सर्व ठीक, म्हणजे मी ठीक. आमचे हे तीन राजांच्या सणानंतर वारले. (बसून वाच, असं आधी लिहायला हवं होतं.)

जेवताना गेले. कलेजीच्या गोळ्यांचं सूप होतं. दुसरा गोळा चमच्यात घेतला आणि तसेच कलंडले. मला आधी वाटलं, सुपाला नावं ठेवताहेत. तुझ्या लग्नात नव्हते का असेच ताठ पडले? पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल घेऊन धावत आले, आणि ह्यांनी उठून बिअर मागितली! म्हणून मी डॉक्टर ओबरमायरना बजावलं, शवगृहात ठेवल्याशिवाय पुरायचं नाही, आणि बोटाला घंटा बांधायची ती ह्यांनी केलेलीच.

तुमच्या खेड्यात शवगृह नाही, म्हणून सांगते. म्युनिकचं बघून आमच्या गावानेही बांधलं. मेलेला खरंच मेलाय अशी खात्री पटेपर्यंत, म्हणजे वास सुटेपर्यंत, त्याला तिथे फुलांत ठेवतात. बोटाला दोरा, दोऱ्याला घंटा, आणि घंटा राखणदार पांक्राट्झच्या खोलीत. (आम्हा बव्हेरियाच्या लोकांना जिवंत पुरलं जायची जेवढी भीती, तेवढी कराचीही नाही.) पण मेल्यावर पोटं फुगतात, हात सरकतात, घंटा वाजते. पांक्राट्झ ह्यांच्या दुकानात येऊन रडायचा, "मास्तर, इतक्या वर्षांत मुडदा एकही उठला नाही, मी मात्र रोज उठतो!" हे पडले घड्याळजी. दोन हिवाळे खपून ह्यांनी अशी घंटा केली की जी खोटी म्हणून वाजायची नाही. आत स्प्रिंगा, वजनं, दातेरी चाकं, आणि माझी चांगली कात्री मोडून केलेला एक खटका. नगरपालिकेने समिती नेमली. समितीने ती घंटा डझनभर मुडद्यांना बांधून पाहिली. त्यात एक लठ्ठ खाटीक होता, बुडून फुगलेला एक नावाडी होता. एकदाही वाजली नाही. ह्यांना पदक मिळालं, पांक्राट्झला झोप मिळाली.

तर तीच घंटा तीन दिवस ह्यांच्या बोटाला होती. मी पांक्राट्झच्या खोलीत तिच्यासमोर बसून होते. (तो घोरत होता.) जन्मभर मी ह्यांच्या घड्याळांच्या टिकटिकीला शिव्या दिल्या, आणि आता एका टण्‌साठी कान आसुसले होते. वाजली नाही. वासही येईना, कारण थंडी अशी की मासळीबाजारालासुद्धा वास नव्हता. गालांवरची लाली तशीच. येणारी-जाणारी बायामाणसं म्हणत होती, "किती तजेलदार दिसताहेत!" डॉक्टर म्हणाले, "वालबुर्गाबाई, नियम वासाचा आहे, पण ही घंटा असताना नाकाचं काय काम? ज्याने घडवली त्याच्याशीच ती खोटं बोलेल का?" मला पटलं. खरं सांगते, अभिमानही वाटला. ह्यांच्या हातात जपमाळ दिली, हात छातीवर जुळवले आणि पुरून आलो. मागाहून जेवण छान झालं, फक्त मांसाबरोबरचा मुळा फार तिखट होता, त्यामुळे कोण खरं रडतंय ते कळेना.

तू येऊ नकोस, रस्त्यांवर बर्फ आहे. क्विरीनला तर मुळीच पाठवू नकोस. मागच्या खेपेला बिअरचं पिंप रिकामं करूनच उठला होता. मला कुणाची गरज नाही. घंटा मी घरी आणली आहे, स्वयंपाकघरातल्या फळीला टांगली आहे. तिची सोबत आहे.

तुझी थोरली बहीण,
वालबुर्गा

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं, ते बरं झालं. आज घंटा पुसताना तिचा दोरा सहज माझ्या बोटाला बांधला आणि ओढला. वाजली नाही. मुठीने ओढला. मग दोन्ही हातांनी लोंबकळले (आणि मी काही हलकी नाही, तुला ठाऊक आहे). फळी आली, गिलावा आला, बरण्या आल्या. घंटा वाजली नाही. तशीच पांक्राट्झकडे गेले आणि विचारलं, ही कधी जिवंत माणसाच्या बोटाला बांधून पाहिली होती का? तो म्हणाला, "जिवंत माणसाच्या कशाला, बाई? शवगृह आहे हे."

ता. क. २. क्विरीनला पाठव. कुदळ, पहार आणि दोर घेऊन. पाद्रीबाबा म्हणतात बिशपना लिहू, उत्तर ईस्टरनंतर येईल. तेवढं मला थांबवत नाही. पिंप भरून ठेवते, पण ते काम झाल्यावर. मला वेड लागलेलं नाही, क्रेसेंझ. इतक्या दिवसांनी काय असणार ते मलाही कळतं. मला फक्त त्यांचे हात बघायचे आहेत. मी जुळवले तिथेच असले, तर लगेच परत झाकायला सांगेन आणि पुन्हा या विषयावर चकार शब्द काढणार नाही.

ह्यांचा लोकरी गळपट्टा तुझ्याकडे राहिला आहे, तो मात्र क्विरीनबरोबर पाठव. बाहेर फार थंडी आहे.